टायोगा खिंडीजवळ कॅम्पिंग: साडेनऊ हजार फुटांवर कुकर न्यावा का?

ओलीमाती

जूनच्या तिसऱ्या आठवड्यात बे एरियातून (कॅलिफोर्नियात, सॅन फ्रान्सिस्कोच्या आसपास) टायोगा खिंडीपलीकडे जायचं ठरतंय. दोन कुटुंबं, चार मोठे, तीन मुलं (वयं ५, ८, ११), दोन रात्री. योसेमिटी नॅशनल पार्कच्या आत काही मिळालं नाही, त्यामुळे पूर्वेच्या फाटकाबाहेर इन्यो नॅशनल फॉरेस्टची जी छोटी कॅम्पग्राउंडं आहेत (टायोगा लेक, एलरी लेक, सॅडलबॅग), त्यातलं एखादं बघतोय. उंची साडेनऊ ते दहा हजार फूट.

घरात वाद एकच आहे. प्रेशर कुकर न्यायचा का? एक पक्ष म्हणतो कुकरशिवाय खिचडी शिजणार नाही. दुसरा म्हणतो कॅम्पिंगला कुकर म्हणजे सहलीला पाटा-वरवंटा. पाणी, थंडी, अस्वलं यावरही लिहा, पण आधी कुकरचा निकाल द्या.

साडेतीन_शहाणा

न्या. झाला निकाल. धागा बंद करायला हरकत नाही.

पिठलंभाकरी

शहाणे, थांबा जरा. ओलीमाती, कुकरच्या आधी रस्ता उघडा असेल का ते बघ. टायोगा खिंड ९,९४० फुटांच्या आसपास आहे आणि तो रस्ता हिवाळाभर बंद असतो. उघडायची तारीख ठरलेली नसते. बर्फ किती पडलं, दरडी किती आल्या, रस्ता कुठे खचला, यावर सगळं. साधारण मे अखेर ते जून म्हणतात, पण २०२३ साली तो २२ जुलैला उघडला. म्हणजे तुझी जूनची तारीख त्या वर्षी सरळ पाण्यात गेली असती. बर्फात म्हणू हवं तर.

आणि रस्ता उघडला म्हणजे कॅम्पग्राउंड उघडलं असं समजू नकोस. रस्ता योसेमिटीचा, म्हणजे नॅशनल पार्क सर्व्हिसचा. फाटकाबाहेरची कॅम्पग्राउंडं फॉरेस्ट सर्व्हिसची. एक गृहखात्याखाली, दुसरं शेतीखात्याखाली. (इथलं 'गृहखातं' म्हणजे जमिनी, धरणं, पार्कं सांभाळणारं. पोलिसवालं नव्हे.) रस्ता मोकळा झाल्यावरही फॉरेस्टवाल्यांना हिवाळ्यात पडलेली आणि पडायच्या बेतात असलेली झाडं तोडावी लागतात, संडास उपसावे लागतात, नळाच्या लाइनी भरून पाण्याची तपासणी करावी लागते. यात एक-दोन आठवडे सहज जातात. सॅडलबॅग सगळ्यात उंच, तिथलं बर्फही सगळ्यात शेवटी जातं.

मनुली

+१. शिवाय 'उघडं आहे' आणि 'नळाला पाणी आहे' या दोन वेगळ्या गोष्टी. रात्री गोठण्याची भीती असेपर्यंत लाइन भरत नाहीत, नाहीतर पाइप फुटतात. सप्टेंबरात परत रिकामी करतात. या मधल्या काळात काही कॅम्पग्राउंडं पाण्याशिवाय चालू ठेवतात, आणि काही छोट्यांना तर नळ मुळातच नसतो. जायच्या आदल्या दिवशी रेंजर स्टेशनला फोन करून दोन प्रश्न स्वतंत्र विचारायचे: गेट उघडं आहे का, नळ चालू आहे का.

केळफूल

जागा कशी मिळवायची हे कोणी सांगितलंच नाही.

फॉरेस्टच्या कॅम्पग्राउंडांत दोन प्रकार असतात. आरक्षणाच्या जागा रिक्रिएशन डॉट गव्ह या सरकारी साइटवर असतात आणि बहुतेक ठिकाणी सहा महिने आधी, पॅसिफिक वेळेने सकाळी ७ ला खुल्या होतात. दुसरा प्रकार 'आधी येईल त्याची जागा'. कुठलं कॅम्पग्राउंड कुठल्या प्रकारात, हे वर्षागणिक बदलतं. त्यामुळे जुने ब्लॉग वाचून निघू नका, त्या वर्षीचं पान बघा.

'आधी येईल त्याची' असेल तर शुक्रवारी संध्याकाळी पोचणं म्हणजे दादर स्टेशनवर सहा वाजता बसायला जागा शोधणं. मंगळवार ते गुरुवार, सकाळी १० ते १२ ही वेळ धरा, कारण आधीचे लोक तेव्हा उठून जात असतात. प्रत्येक जागेच्या खांबाला एक चिठ्ठी अडकवलेली असते, तिच्यावर निघायची तारीख लिहिलेली असते. आजची तारीख दिसली आणि माणसं आवराआवर करत असली की नम्रपणे विचारायचं.

जागा मिळाली की दाराशी बोर्डाजवळ एक जाड लोखंडी नळकांडं असतं. तिथलं पाकीट घ्यायचं, जागेचा नंबर, गाडीचा नंबर, किती रात्री हे लिहायचं, आत रोकड किंवा चेक घालून नळकांड्यात टाकायचं आणि पाकिटाचा फाडलेला तुकडा आपल्या खांबाला लावायचा. सुट्टे नसतात, म्हणून १, ५ आणि १० च्या नोटा बरोबर असू द्या. काही ठिकाणी कोड स्कॅन करून अ‍ॅपवरून पैसे भरता येतात. ते नेटवर्कशिवायही चालतं, पण अ‍ॅप घरूनच उतरवून, लॉगिन करून न्यावं लागतं. खिंडीत पोचून अ‍ॅप उतरवू म्हणाल तर बसा गोल गोल फिरणारी चकती बघत.

एका कुटुंबाने पुढे जाऊन दोन जागा अडवायच्या, दुसरं संध्याकाळी येणार, हे चालत नाही. ज्या जागेचे पैसे भरले तिथे पहिल्या रात्री माणूस राहायला हवा. रुमाल टाकून जागा धरायची पद्धत इथे नाही.

ओलीमाती

रुमालाचाच बेत होता. :( मग सात जण एका जागेत बसतील का?

केळफूल

बघावं लागेल. बऱ्याच ठिकाणी एका जागेवर ६ माणसं, काही ठिकाणी ८. गाड्या साधारण दोन. ६ वालं असेल तर दोन जागा घ्याव्याच लागतील, लहान मुलंही मोजतात.

गोधडी

थंडीचं मी घेते.

उंची वाढते तसं तापमान दर हजार फुटांना साधारण साडेतीन डिग्री फॅरनहाइटने उतरतं. खिंडीच्या पूर्वेला पायथ्याशी असलेलं ली व्हायनिंग गाव ६,८०० फुटांवर आहे. तिथे रात्री ४५ असेल तर तुमच्या जागेवर ३५ धरा. आकाश निरभ्र असेल आणि जागा तळ्याकाठच्या खोलगटात असेल तर गार हवा खाली साचते आणि सकाळी पाण्याच्या बाटलीत बर्फाचे तुकडे दिसतात. जूनमध्ये हे अगदी नेहमीचं आहे.

स्लीपिंग बॅगवर मोठ्या अक्षरांत '३० डिग्री' लिहिलेलं असतं, त्यावर जाऊ नका. आतल्या लेबलावर 'कम्फर्ट' आणि 'लिमिट' असे दोन आकडे असतात. ज्यावर भरवसा ठेवायचा तो कम्फर्ट. बाहेरचा मोठा आकडा बहुतेक वेळा लिमिटजवळचा असतो. त्याचा अर्थ कुडकुडत, पाय पोटाशी घेऊन रात्र निघेल, एवढाच. कम्फर्ट ३० फॅ. किंवा त्याखालची बॅग बघा.

खरी थंडी मात्र खालून चढते. दुकानातली दोन माणसांची जाड एअर मॅट्रेस तिथे सगळ्यात वाईट, कारण तिच्या आतली हवा रात्रभर फिरत राहते आणि जमिनीचा गारवा पाठीपर्यंत आणते. मॅटवर आर-व्हॅल्यू (गारवा अडवायची ताकद) लिहिलेली असते, ती ४ च्या वर हवी. दोन मॅट एकावर एक ठेवल्या तर आकड्यांची बेरीज होते. एअर मॅट्रेसच न्यायची असेल तर तिच्यावर बंद पेशींच्या फोमची पातळ मॅट आणि त्यावर आजीची गोधडी. गाडीतून जाताय, वजनाचा प्रश्न नाही. फक्त गोधडी सुती असते, ओली झाली की दिवसभर वाळत नाही. तंबूच्या भिंतीला टेकू देऊ नका, सकाळी आतल्या कापडावर दंव धरलेलं असतं.

मुलांना झोपताना कोरडे मोजे आणि टोपी. दिवसभर घातलेले मोजे कोरडे वाटतात, पण घामाने दमट असतात.

साडेतीन_शहाणा

नाव 'गोधडी' आणि विषय थंडीचा. आयडी घेतानाच धाग्याची तयारी होती तर.

वेताळटेकडी

तंबूबद्दल दोन ओळी. तिथली जमीन खडकाच्या चुऱ्याची, खाली दगड. तंबूबरोबर येणाऱ्या तारेच्या खुंट्या पहिल्या घावात वाकतात. हार्डवेअरच्या दुकानातून १० इंची जाड लोखंडी खिळे आणि वॉशर घ्या, हातोडी घ्या. खिळा गेलाच नाही तर दोरी एका मोठ्या दगडाला गुंडाळायची आणि त्या दगडाला दुसरा दगड लावायचा. खाली अंथरायची ताडपत्री तंबूच्या बुडापेक्षा चारही बाजूंनी दोन-तीन इंच लहान हवी. बाहेर आली तर पावसाचं पाणी तिच्यावर पडून घरंगळत तंबूखालीच जातं. लोक हौसेने मोठी ताडपत्री घालतात आणि मग तंबू गळतो म्हणून दुकानात परत करायला जातात.

रानभूल

पाणी. नळ बंद असेल असं धरूनच निघा. माणशी दिवसाला एक गॅलन, म्हणजे पावणेचार लिटर. सात माणसं, दोन दिवस, १४ गॅलन. ५ गॅलनचे तीन कॅन होतात. भरलेला एक कॅन १९ किलोचा, म्हणून तो डिकीत तळाला आणि तोटीचं तोंड बाहेरच्या बाजूला.

तळ्याचं पाणी वापरायचं असेल तर गाळून किंवा उकळून. ६,५०० फुटांच्या वर पूर्ण तीन मिनिटं खळखळ उकळू द्यावं असं सांगतात, कारण तिथे पाणी कमी तापमानाला उकळतं. पोकळ धाग्यांचा फिल्टर असेल तर तो रात्री बाहेर ठेवू नका. आत उरलेलं पाणी गोठलं की धाग्यांना तडे जातात. बाहेरून काहीच दिसत नाही, पाणी तसंच पडत राहतं, पण गाळलं जात नाही. पिशवीत घालून स्लीपिंग बॅगेत पायाशी ठेवायचा.

चिंचगुळ

अस्वलं!! तोच मुख्य मुद्दा आणि अजून कोणी हात लावला नाही.

कॅलिफोर्नियात आता फक्त काळं अस्वल आहे. रंगाने ते तपकिरीही असतं, त्यामुळे तपकिरी दिसलं की 'ग्रिझली, ग्रिझली' ओरडू नये. ग्रिझली इथून १९२० च्या दशकातच संपलं, आता ते फक्त राज्याच्या झेंड्यावर. काळ्या अस्वलाला तुमच्यात रस नसतो, डब्यात असतो.

प्रत्येक जागेवर लोखंडी बेअर बॉक्स (अस्वलाला उघडता न येणारी पेटी) असतो. नियम 'अन्न आत ठेवा' असा नसून 'वास येणारं सगळं आत ठेवा' असा आहे. मराठी घराची यादी वेगळी होते, म्हणून लिहितो: लोणचं, हिंगाची डबी, मेतकूट, चहाचा मसाला, खोबरेल तेल, टूथपेस्ट, साबण, सनस्क्रीन, लिपस्टिक, औषधी गोळ्या (गोड सिरप तर नक्की), उदबत्ती, कचऱ्याची पिशवी, रिकामे डबे, न धुतलेली भांडी आणि कूलर. लहान मुलाची कार सीट झटकून घ्या, फटीत चिरमुरे असतातच.

बॉक्सचं कुलूप असं असतं की हात आत घालून खटका दाबावा लागतो. नुसतं दार ढकलून 'लागलं' वाटतं, पण लागलेलं नसतं. दोन्ही दारं ओढून बघा. आणि दार फक्त रात्री लावायचं असं नाही. चार पावलांवर नळाला जातानाही लावायचं. दिवसा अस्वलापेक्षा खारी आणि चिपमंक जास्त पळवतात.

बॉक्स उथळ असू शकतो. उंच उभा कूलर आत जात नाही आणि मग लोक तो गाडीत ठेवतात, तिथेच चुकतं. सपाट, रुंद कूलर घ्या.

आणखी एक, बेअर स्प्रे (अस्वलावर मारायचा मिरचीचा फवारा) आणू नका. योसेमिटीत तो बाळगायला बंदी आहे आणि तुम्ही योसेमिटीतूनच जाणार.

मनुली

>>खोबरेल तेल
तिथल्या रात्रीत ते दगड होतं, पण वास जात नाही. अनुमोदन.

ओलीमाती

यादी छापून फ्रिजवर लावतेय. पण माझा कुकर?

घासलेट

आलो, आलो. शेगडीपासून सुरू करू, कारण कुकर कसा हे शेगडीवर ठरतं.

१. दोन बर्नरची प्रोपेनची शेगडी, तीन बाजूंना पत्र्याचे आडोसे असलेली. ३ लिटरचा कुकर हिच्यावर नीट बसतो, ५ लिटरचाही बसतो, पण मग दुसऱ्या बर्नरवर चहाचं छोटं पातेलंच मावतं.
२. गॅसच्या डब्यावर थेट बसणारी ट्रेकिंगची शेगडी. हिच्यावर कुकर ठेवू नका. एक तर तोल जातो. दुसरं, कुकरचं रुंद बूड खाली उष्णता परतवतं आणि डबा तापतो. त्यात वारा अडवायला भोवती पत्रा लावला तर डबा फुटण्यापर्यंत पाळी येते.
३. कोरियन दुकानात मिळणारी लांब काडतुसाची चपटी शेगडी. त्यात साधा ब्यूटेन असतो, तो शून्य सेल्सिअसच्या आसपास वायू व्हायचं थांबतो. सकाळी पेटणार नाही.

प्रोपेनचं हिरवं छोटं सिलिंडर एक पौंडाचं. त्यात साधारण २१,००० बीटीयू (उष्णतेचं माप). शेगडीचा एक बर्नर पूर्ण मोठा केला की तासाला १०,००० खातो. म्हणजे दोन्ही बर्नर फुल्ल ठेवले तर तासाभरात सिलिंडर संपतं. सात माणसं, दोन दिवस, तीन वेळा चहा: तीन सिलिंडर न्या, एक जास्तीचं.

रिकामं सिलिंडर तिथल्या कचऱ्यात टाकायचं नाही, घरी आणून घातक कचऱ्याच्या केंद्रात द्यायचं. २०२८ पासून कॅलिफोर्नियात एकदाच वापरायच्या या सिलिंडरांची विक्रीच बंद होतेय, त्यामुळे आता नवीन घेणार असाल तर परत भरता येणारं बघा.

वेताळटेकडी

घासलेटकाका, एक दुरुस्ती. ब्यूटेनचा ०.५ उणे हा उत्कलनबिंदू समुद्रसपाटीचा. साडेनऊ हजार फुटांवर हवेचा दाब कमी, म्हणून तो उणे नऊ-दहापर्यंत खाली जातो. म्हणजे तिथे शून्याला पेटायला हवी.

घासलेट

बरोबर आहे, आणि पेटेलही. अडचण पुढे येते. द्रवाचा वायू होताना काडतूस स्वतः गार होत जातं, हवा शून्याला असली तरी पाच मिनिटांनी आतलं द्रव उणे झालेलं असतं. ज्योत मेणबत्तीएवढी होते. चहा होईल, कुकर चढणार नाही. काडतूस रात्री स्लीपिंग बॅगेत ठेवून थोडा वेळ मिळवता येतो, पण ओलीमातीच्या स्लीपिंग बॅगेत आता फिल्टर आहे, मोजे आहेत...

साडेतीन_शहाणा

माणसाला जागा आहे का त्यात?

घासलेट

कुकरकडे येतो.

त्या उंचीवर उघड्या पातेल्यात पाणी साधारण ९० सेल्सिअसला उकळतं. चहा खळखळतो, पण चढत नाही, पावडर थोडी जास्त आणि दोन मिनिटं जादा. तांदूळ शिजतो, पाणी जास्त लागतं, मधे कणी राहते. मूगडाळ, मसूरडाळ पाऊण तासाने मऊ होते. तूरडाळ, छोले, राजमा यांच्या वाट्याला उघड्या पातेल्यात जाऊच नये, गॅस संपेल.

कुकरमध्ये काय होतं? शिट्टीचं वजन उचलायला आतला दाब बाहेरच्यापेक्षा चौरस सेंटिमीटरला सुमारे १ किलोने जास्त व्हावा लागतो. समुद्रसपाटीला बाहेरचा एक आणि हा एक, मिळून दोन, आत १२०. टायोगाला बाहेरचाच ०.७, मिळून १.७, आत ११५. म्हणजे घरच्यापेक्षा पाचच डिग्री कमी, आणि पातेल्यापेक्षा पंचवीस डिग्री जास्त.

वेळ किती वाढवायचा याचा नेहमीचा हिशोब: २,००० फुटांच्या वर दर हजार फुटांना ५ टक्के. साडेनऊ हजारला ३५-४० टक्के. घरी शिट्टी आल्यावर मंद आचेवर १० मिनिटं ठेवत असाल तर तिथे १४. शिट्ट्या मोजू नका. वाऱ्याने ज्योत हलते, शिट्टी कधी येते कधी नाही, तीन शिट्ट्यांना काही अर्थ उरत नाही. पहिल्या शिट्टीपासून घड्याळ लावा.

पिठलंभाकरी

पण काका, कुकर धुवायला पाणी? रानभूलने १४ गॅलन सांगितलं, त्यातलं खिचडी चिकटलेला कुकर एकटाच दीड गॅलन पितो. त्यापेक्षा घरून शिजवून गोठवून न्यावं. आमटी, राजमा, पालक झिपच्या पिशवीत पसरट गोठवा, कूलरमध्ये उभे रचा. बर्फाचं काम तेच करतात आणि दुसऱ्या रात्री आपोआप सुटे झालेले असतात. नाश्त्याला रवा घरूनच भाजून, त्यात फोडणी, मीठ, साखर मिसळून. तिथे फक्त उकळतं पाणी. पोह्यांना तर शिजवायचंही काम नाही. मला कुकर ही निव्वळ हौस वाटते.

घासलेट

पिठलंताई, कुकरात थेट शिजवतंय कोण? आत डबा ठेवा. तळाला पाणी, जाळी, वर स्टीलच्या डब्यात खिचडी. कुकर खरकटा होतच नाही, आणि तळाचं उरलेलं गरम पाणी भांडी धुवायला. फक्त तळाला घरच्यापेक्षा जास्त पाणी घाला, निदान दोन वाट्या जास्त. तिथे वेळ जास्त लागतो, पाणी आटलं की सेफ्टी वितळते आणि दुसरी सेफ्टी ली व्हायनिंगमध्ये मिळत नाही. एक जादा सेफ्टी आणि एक रिंग डब्यात टाकून न्या.

दुसरं, गार वाऱ्यात कुकरचं झाकण बाहेरून लवकर गार होतं, पण आतला दाब तेवढ्याने उतरलेला नसतो. शिट्टी हलक्या हाताने उचलून बघा, वाफ आली तर थांबा.

आणि पाऊस आला म्हणून शेगडी तंबूत न्यायची नाही. तंबूच्या ओसरीतही नाही. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो आणि तंबूचं कापड ठिणगीला वितळतं.

मनुली

भांडी नळाखाली धुवायची नाहीत, तळ्यात तर नाहीच. टबमध्ये धुवा, पाणी गाळणीतून गाळा, शितं कचऱ्याच्या पिशवीत. गाळलेलं पाणी कुठे ओतायचं ते बोर्डावर लिहिलेलं असतं किंवा कॅम्प होस्टला (तिथली देखभाल करणाऱ्याला) विचारा, प्रत्येक ठिकाणचा नियम वेगळा.

संडासाचंही सांगते, कारण मुलं आहेत. तिथे फ्लश नसतो, खाली मोठी टाकी आणि मागे उंच नळकांडं. झाकण लावून बाहेर या. झाकण बंद असलं की हवा नळकांड्यातून वर ओढली जाते आणि आत वास राहत नाही. झाकण उघडं टाकणारा माणूस पुढच्या चाळीस जणांचा गुन्हेगार. डायपर, वाइप्स आत टाकू नका, उपसायच्या पंपात अडकतात. कागद आणि हात पुसायचं सॅनिटायझर आपलं आपण न्या.

केळफूल

अवांतर: आजी-आजोबा बरोबर येणार असतील आणि ६२ च्या वर, ग्रीन कार्ड किंवा नागरिकत्व असेल तर त्यांचा सरकारी पार्क-फॉरेस्टांचा सीनियर पास काढा. ८० डॉलरला आयुष्यभराचा. फॉरेस्टच्या बऱ्याच कॅम्पग्राउंडांत फी निम्मी होते. व्हिजिटर व्हिसावर आलेल्यांना तो मिळत नाही. आणि ८० डॉलरचा साधा वार्षिक पास कॅम्पिंगच्या फीत काही कमी करत नाही, लोक तिथे वाद घालतात.

डॉ_गवतीचहा

मुलं आहेत म्हणून लिहिते. समुद्रसपाटीवरून एका दिवसात साडेनऊ हजारावर झोपायला जाणं शरीराला आवडत नाही. डोकेदुखी, मळमळ, झोप न लागणं हे पहिल्या रात्री दिसतं. पाच वर्षांचं मूल 'डोकं दुखतंय' म्हणेलच असं नाही, चिडचिड करेल, जेवणार नाही, खेळणार नाही. जमलं तर पहिली रात्र खाली काढा. ली व्हायनिंगच्या खोऱ्यात साडेसात हजार फुटांच्या आसपास फॉरेस्टचीच कॅम्पग्राउंडं आहेत. दुसऱ्या दिवशी वर.

डोकं दुखत असताना आणखी वर जायचं नाही. चालताना तोल जायला लागला, बसल्या जागी धाप लागली, तर सकाळची वाट न बघता गाडी काढून दोन-तीन हजार फूट खाली उतरायचं. उंचीच्या त्रासावरच्या गोळीबद्दल आपल्या डॉक्टरांशी बोला, सल्फाची अ‍ॅलर्जी असेल तर ते आधी सांगा. पहिल्या संध्याकाळी मोठ्यांनी मद्यपान टाळावं, ही सूचना कोणाला आवडत नाही हे माहीत आहे.

ऊनही विसरू नका. हवा गार असते म्हणून कळत नाही आणि नाकाची साल निघते.

चिंचगुळ

डासांचं राहिलं. बर्फ वितळलं की दोन-चार आठवडे तळ्याकाठी डासांचे ढग. जूनचा शेवट, जुलै म्हणजे ऐन हंगाम. अंगाला लावायला डास पळवणारं औषध न्या, पिकारिडिन २० टक्के किंवा डीट २५-३० टक्के. डीट प्लॅस्टिकला खातं, चष्म्याची फ्रेम, घड्याळाचा पट्टा, फोनचं कव्हर सांभाळा. कपड्यांवर परमेथ्रिन हे कीटकनाशक घरीच मारून वाळवून न्या. डास टाळायचेच असतील तर ऑगस्टचा शेवट गाठा.

वेताळटेकडी

ऑगस्टच्या शेवटी डास नाहीत, पण शेकोटीही नसेल. तोवर रान वाळलेलं असतं आणि बंदी लागते. ती टप्प्याटप्प्याने लागते, आधी कॅम्पग्राउंडबाहेरच्या शेकोट्या, मग आतल्याही. बंद करायचा नॉब असलेली गॅसची शेगडी बहुतेक वेळा तरीही चालते, कोळशाची नाही. जायच्या दिवशी बघून जा.

लाकूड बे एरियातून नेऊ नका. सालीखाली किडे असतात, ते नव्या रानात पोचतात. जिथे जाळायचं तिथलंच विकत घ्या. विझवताना पाणी ओता, काठीने ढवळा, परत ओता, मग राखेवर उलटा हात धरून बघा. ऊब लागली तर विझली नाही. माती लोटून दिली की वरून गार, आत निखारा.

ओलीमाती

सगळ्यांचे आभार! तर असं ठरतंय: मंगळवारी पहाटे निघायचं, पहिली रात्र खाली खोऱ्यात, बुधवारी सकाळी दहापर्यंत वर जाऊन शेजारच्या दोन जागा मिळतात का बघायचं. दोन्ही कुटुंबं एकत्रच. १५ गॅलन पाणी. रस्ता उघडला नाही तर?

पिठलंभाकरी

तर उत्तरेकडचा हायवे ८८ किंवा ४. ८८ वरची कार्सन खिंड ८,५७० फुटांवर आहे, ८८ वर्षभर चालू ठेवायचा प्रयत्न असतो. ४ वर लेक अल्पाइनला स्टॅनिस्लॉस फॉरेस्टची कॅम्पग्राउंडं आहेत, ७,३०० फूट, पश्चिमेकडून लवकर पोचता येतं. सोनोरा खिंडीतून हायवे १०८ ने पलीकडे जायचा मोह झाला तर चढ २६ टक्क्यांपर्यंत आहेत हे लक्षात ठेव, आणि उतरताना ब्रेकवर पाय ठेवून बसू नकोस, गिअर खाली टाक.

आरक्षण असेल आणि कॅम्पग्राउंड त्यांनीच बंद ठेवलं तर पैसे पूर्ण परत येतात. तुम्हीच रद्द केलं तर १० डॉलर कापतात, आणि आदल्या दिवशी रद्द केलं तर पहिल्या रात्रीचे पैसेही जातात.

ओलीमाती

मस्त. आणि कुकर, ३ लिटरचे दोन. डबा आत, पाणी तळाला, पहिल्या शिट्टीपासून १४ मिनिटं. पिठलंताई, गोठवलेली आमटीपण नेतेय, रागावू नका.

मनुली

एक राहिलं. रात्री १० ते सकाळी ६ शांततेची वेळ असते. जेवायला उशीर झाला म्हणून साडेदहाला कुकर लावाल तर पहिल्या शिट्टीला शेजारच्या तंबूतले लोक अस्वल आलं म्हणून भांडी बडवायला लागतील.

साडेतीन_शहाणा

मग पहाटे पाचच्या उपम्याचं काय?

मनुली

त्यासाठीच रवा भाजून न्यायला सांगितलंय, शहाणे. वर वाचा.